लोखंडाचा त्रिकोण



मी तंजावरहून आलो आहे. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातून पृथ्वीचा भूगोल सांगितला. तेव्हा धातु-कार्बोनिल समूहांविषयी मराठीत बोलताना मला संकोच नाही.

धुमसत्या शेगडीतला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, लोखंडाशी जुळतो तेव्हा पिवळसर द्रव तयार होतो. त्यात एका लोहअणूभोवती ५ वायुरेणू असतात. हा द्रवही विषारीच. तो निर्जल ॲसेटिक आम्लात मिसळून उन्हात ठेवला, की सोनेरी पापुद्रे तळाशी बसतात. त्यांत २ लोहअणू आणि ९ वायुरेणू. ते टोल्युइनमध्ये तापवले, की द्रावण गडद हिरवे होते. ड्यूअर आणि जोन्स यांनी १९०७ च्या सुमारास हा हिरवा पदार्थ मिळवला. हिशेब चोख आहे: ३ सोनेरी रेणूंतून ३ पिवळे आणि १ हिरवा.

हिरव्या रेणूत ३ लोहअणू आणि १२ वायुरेणू. पण त्यांची मांडणी कशी? हे निश्चित व्हायला जवळजवळ ६० वर्षे गेली, म्हणजे आपल्या शाळेचे वय! क्ष-किरणांनी स्फटिक तपासला तेव्हा लोखंडाच्या ३ नव्हे, ६ जागा दिसल्या: एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण. आमच्याकडे उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचा षट्कोणी कोलम रेखतात, हुबेहूब तसे. आणि प्रत्येक जागी अणू अर्धाच! १९६६ मध्ये वेई आणि डाल यांनी उलगडा केला. स्फटिकातले निम्मे रेणू एका दिशेने बसतात, निम्मे उलट; दिसते ती दोहोंची सरासरी. खऱ्या रेणूत त्रिकोण एकच. त्याच्या एका बाजूवर २ वायुरेणू पुलासारखे, उरलेले १० बाहेरच्या टोकांना.

त्रिकोणच का? येथे पहिलीची बेरीज पुरते. प्रत्येक लोहअणूला भोवती १८ इलेक्ट्रॉन हवेत, तिघांना ५४. लोखंडाचे स्वतःचे २४, वायूंकडून २४, एकूण ४८. तूट ६ ची. एक बंध बांधला, की दोघांच्याही खात्यावर एकेक जमा होतो. म्हणून बंध ३, बाजू ३.

मुंबईच्या आयआयटीत प्रदीप माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहसमूहांत गंधक, सेलेनियम, टेल्युरियम गुंफण्यावर दीर्घकाळ काम केले. अशा एका प्रकारात ३ लोहअणू, ९ वायुरेणू आणि गंधकाच्या कुळातले २ अणू असतात. ते प्रत्येकी ४ इलेक्ट्रॉन देतात. बेरीज ५०, तूट ४, बंध २. त्या त्रिकोणाची एक बाजू उघडीच राहते.