बटणाला नाव हवं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



शिबिरात आपण बहुतेक वेळा यशाच्या गोष्टी सांगतो. मी आज आमची चूक सांगायला उभी आहे.

मी पोटापाण्यासाठी मोबाईलची ॲप्स तयार करते आणि संध्याकाळी एका सल्ला केंद्रात बसते. केंद्रात येणाऱ्या बायकांसाठी आम्ही एक ॲप केलं. त्यात २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती होती, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा ते होतं, १८१ आणि ११२ला थेट फोन लावणारी बटणं होती. आमच्या पाचसहा जणींच्या फोनवर सगळं व्यवस्थित चालत होतं. आम्ही खूष होतो.

मग केंद्रातल्या एका मैत्रिणीच्या हातात ते दिलं. तिला दिसत नाही. ती फोन वापरते तो टॉकबॅकच्या मदतीने. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमध्येच असलेला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज. बोट उजवीकडे सरकवलं की तो पुढच्या गोष्टीचं नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की ती गोष्ट उघडते. ही सोय २००९पासून आहे. आयफोनवरचा व्हॉइसओव्हरही त्याच वर्षी आला. त्यामुळे ‘हे नवीन आहे, आम्हाला ठाऊक नव्हतं’ ही सबब मला सांगता येत नाही.

ती दोन मिनिटं बोट सरकवत राहिली. मग म्हणाली, “ताई, पहिल्या पानावर पाच बटणं आहेत. पाचही नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतात. यातलं मदतीचं कुठलं? वेळ आली तर काय पाचही दाबून बघत बसू?”

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही बटणावर फोनचं छान चित्र काढलं होतं. त्या चित्राला शब्दांत नाव द्यायची एक जागा प्रोग्रॅममध्ये असते, ती रिकामी सोडली होती. एका ओळीचं काम होतं. मी त्याच रात्री पाचही जागा भरल्या. अशा रिकाम्या जागा शोधून देणारं एक तपासणीचं साधन मिळतं, त्यानेही हिरवा कंदील दाखवला.

दुसऱ्या दिवशी ती हसली. “आता ते ‘फोनचं चित्र’ म्हणतंय. चित्र आहे हे कळून मी काय करू? दाबलं की काय होईल ते सांगा ना.” मग आम्ही नाव बदललं : ‘महिला हेल्पलाइन १८१ला फोन लावा’. जागा रिकामी आहे की भरलेली, एवढंच यंत्राला कळतं. भरलेलं उपयोगाचं आहे का, हे वापरणारीच सांगू शकते.

पुढे तिने एकेक चूक काढून दिली. अर्जात काही राहिलं तर आम्ही त्या रकान्याला लाल कड देत होतो. तिला लाल कड ऐकू येत नाही. ती ‘पुढे’ दाबत राहिली आणि ॲप गप्प. ‘गावाचं नाव लिहायचं राहिलं आहे’ असं शब्दांत सांगायला हवं होतं. मग एका मावशींनी सांगितलं, की चष्म्याशिवाय त्यांनाही ती लाल कड कधी दिसली नव्हती. एकीची अडचण सोडवली, ती अनेकींची निघाली.

सगळ्यात मोठी लाज वाटली ती आपल्या पत्रकांबद्दल. आम्ही छापील पत्रकांचे फोटो काढून ॲपमध्ये टाकले होते. टॉकबॅक त्यावर ‘चित्र’ एवढंच म्हणतो. पत्रकाच्या जुन्या संगणकीय फायली उघडल्या, तर त्या युनिकोड येण्याआधीच्या फाँटमधल्या. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. आवाज वाचतो ती अगम्य बडबड. आपल्या चळवळीचं कितीतरी लेखन असं मुकं पडलं आहे. आम्ही ती पत्रकं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. दोन हजार चिन्हांचं पत्रक सहा हजार बाइटांत बसतं. त्याच पत्रकाचा फोटो तीन-चार एमबी होता, म्हणजे पाचशेपटीहून जास्त. वजन कमी झालं आणि पत्रक बोलूही लागलं.

वजनाचा प्रश्न इथे संपला नाही. वस्तीतल्या जुन्या फोनांवर ॲप अचानक बंद पडत होतं. फोटो जड आहेत असं समजून मी त्यांची प्रत उतरवली. फायली चार एमबीवरून चारशे केबीवर आल्या, तरी ॲप बंद पडतच राहिलं. मला दोन दिवस कारण कळेना. झालं होतं असं, की फाईल साठवताना लहान असली तरी दाखवताना फोन ती पूर्ण उलगडतो. चार हजार गुणिले तीन हजार ठिपक्यांचा फोटो, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे ४८ एमबी स्मृती. एका पानावर असे दहा फोटो! हजार गुणिले साडेसातशे ठिपके केले, तेव्हा एक फोटो तीन एमबीवर आला आणि ॲप टिकलं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माहितीचं ध्वनिमुद्रण होतं. ते सीडीच्या दर्जाचं, मिनिटाला सुमारे दहा एमबी. बोलण्याच्या आवाजाला एवढं लागत नाही. ओपस नावाच्या पद्धतीत २४ किलोबिटवर तेच मिनिट १८० केबीत बसलं, आणि शब्द स्पष्ट राहिले.

पण कार्यकर्त्यांनो, एका ठिकाणी फाईल मुळीच लहान करू नका : पुराव्याच्या बाबतीत. जखमेचा फोटो, धमकीचं ध्वनिमुद्रण, हे मूळ स्वरूपातच जपा. मेसेजमधून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो बहुधा दाबला जातो, त्यातली तारीख-वेळेची नोंदही जाऊ शकते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखी खूण, नोंदवतात. फाईल जराशी बदलली तरी ती खूण बदलते. आमचं ॲप आधी सगळंच लहान करत होतं. आता बघायला लहान प्रत, आणि मूळ फाईल वेगळी, न बदलता.

शेवटी त्या मैत्रिणीने एक प्रश्न विचारला, तो आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. “हे घरात मोठ्याने बोलेल त्याचं काय?” ती एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा कान घरात कोण येतंय यासाठी. म्हणून ॲपचं बाहेरचं नाव आम्ही साधं ठेवलं आणि प्रत्येक पानावर, अगदी पहिल्याच टिचकीला सापडेल असं, ‘बंद करा’ ठेवलं.

हा दयेचा विषय नाही. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती मिळण्याचा हक्क आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो लढा दिला होता ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी आणि एका अंध व्यक्तीने. बँकेची ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणतात. ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात जळल्या त्यांनी काय करायचं?

सरकारला आणि बँकांना आपण जाब विचारतो, विचारलाच पाहिजे. पण आपल्या संघटनेच्या ॲपलाही तोच प्रश्न विचारा. आज घरी गेल्यावर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि मदतीचं बटण शोधून बघा. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते शिकून घ्या, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल! आणि एवढ्यावर थांबू नका. डोळे मिटलेली मी म्हणजे ती नव्हे. तिला बोलवा, काम संपल्यावर नाही तर पहिल्या बैठकीपासून. आणि तिच्या वेळेचं मानधन द्या. आम्ही सुरुवातीला दिलं नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणारीला पैसे आणि चुका शोधून देणारीला चहा, हा हिशेब आपल्याला तरी शोभत नाही.