औषधशोध, संगणक आणि आपले विद्यार्थी

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी निकाल लागले की पालक आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आता पुढे काय?" रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला मुलगा औषधांच्या कारखान्यात लागला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु पीएच.डी.ची वाट दाखविणारे कोणी भेटले नाही, म्हणून तो तेथेच थांबला असेल, तर तो दोष त्याचा नव्हे, आम्हा वडीलधाऱ्यांचा आहे. म्हणूनच आज एका नव्या संशोधनक्षेत्राची माहिती आपणांसमोर ठेवीत आहोत. ते क्षेत्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने होणारा औषधांचा शोध होय.

नवे औषध रुग्णाच्या हाती पडण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. हजारो रसायने तपासावी लागतात आणि त्यांतील बहुतेक बाद होतात. कोणती रसायने आधी तपासावीत, हे संगणक सांगू शकेल काय? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटाने हे करून पाहिले. त्यांनी २,३३५ रसायने एका जंतूवर प्रत्यक्ष तपासली आणि कोणत्या रसायनाने जंतूची वाढ थांबली, हे संगणकाला शिकविले. मग सुमारे ६,००० इतर रसायने त्याच्यापुढे ठेवली. त्यातून मधुमेहासाठी पूर्वी अभ्यासलेले एक रसायन पुढे आले. त्याला 'हॅलिसिन' असे नाव दिले गेले. उंदरांवरील प्रयोगांत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवरही ते परिणामकारक ठरले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. हॅलिसिन अद्याप रुग्णांसाठी मान्य झालेले औषध नाही, हेही सांगितले पाहिजे.

या कथेतील एक आकडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. संगणकाने निवडलेल्या ९९ रसायनांपैकी प्रयोगात ५१ खरी ठरली. म्हणजे ४८ वेळा संगणक चुकला. त्याला शिकविण्याची माहितीही माणसांनीच प्रयोगशाळेत गोळा केली होती. यंत्र अंदाज करते, निर्णय परीक्षानळीतच होतो. म्हणून ज्याला रसायन वा जीवशास्त्र कळते आणि संगणकाशीही बोलता येते, असा संशोधक आज हवा आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना संगणकाच्या आधारे प्रथिनांची रचना करण्याच्या व ती ओळखण्याच्या कार्याबद्दल मिळाले, यावरून या क्षेत्राचे महत्त्व कळावे.

आपल्याशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयावर नव्या पद्धतीने काम करणारे बेडाक्विलिन हे औषध अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले, ते चाळीसहून अधिक वर्षांच्या खंडानंतर! गरिबांच्या आजारात नफा थोडा, म्हणून तिकडे लक्षही थोडे. चाळीतल्या वा झोपडपट्टीतल्या घरात क्षयाचे औषध महिनोन्‌महिने घेणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यातूनच या आजाराचा संशोधक निघावा, अशी आमची इच्छा आहे.

आता वाटांविषयी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, मुंबईत आयआयटी आणि रसायन तंत्रज्ञान संस्था, लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था, तसेच मोहाली, हैदराबाद व अहमदाबाद येथील नायपर या संस्थांत पीएच.डी. करता येते. त्यासाठी नेट वा गेट या परीक्षांची तयारी करावी. गेटमध्ये २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपरही आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये अशी आहे. याखेरीज अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. युरोपच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी योजनेत तर पीएच.डी.चा विद्यार्थी पगारी संशोधक असतो आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो. अटी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र मात्र आधीच तयार ठेवावे. कागदासाठी संधी हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

तयारीला पैसा लागत नाही. पायथन ही संगणकाची भाषा आणि रसायनांसाठीचे आरडीकिट हे साधन विनामूल्य आहे. 'केंबल' व 'पबकेम' हे रसायनांच्या माहितीचे साठे सर्वांना खुले आहेत. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यातील क्षयाच्या जंतूवरील माहिती घेऊन सुरुवात करता येईल.

एक सावधगिरीची सूचना. केवळ 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव पाहून मार्गदर्शक निवडू नका. त्यांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा: संगणकाला शिकविण्यासाठी माहिती कोठून येणार? अंदाज तपासून देणारी प्रयोगशाळा कोणती? यापूर्वीच्या विद्यार्थ्यांना पदवी किती वर्षांत मिळाली? पाच वर्षे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि पालकहो, ही पाच वर्षे मुलगा वा मुलगी रिकामी बसली आहे, असे कृपया म्हणू नका. अर्ज कसा भरावा, हे आम्ही शेजारी बसून दाखवू. धीर मात्र आपण घरच्यांनीच द्यावयाचा आहे.