सोलर बसलं, आता बॅटरी घ्यायची का?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. आमच्यातल्या एका ताईंनी छतावर २ किलोवॅटचं सोलर बसवलंय. त्यांना वाटलं, आता लाइट जायची काळजी मिटली. पण पहिल्याच वळवाच्या पावसात लाइट गेली आणि शेजाऱ्यांबरोबर त्यांच्याही घरात अंधार! विक्रेता म्हणाला, "इन्व्हर्टर बदला, मोठी लिथियम बॅटरी घ्या." खर्च सांगितला सव्वा लाख. पैसा सगळ्यांच्या बचतीचा, म्हणून सही करण्याआधी आम्ही हिशेब मांडला. तोच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की ताईंच्या सोलरमध्ये बिघाड नव्हता. लाइनला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, अगदी भर उन्हातसुद्धा. तसं झालं नाही, तर पॅनेलची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

आता बिलाचं बघू. १ किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. आपण वापरून उरलेली वीज नेट मीटरमधून लाइनवर जाते आणि बिलात जमा होते. रात्री वापरलेले युनिट त्यातून वजा होतात. म्हणजे लाइन हीच आपली कणगी झाली, आणि ती विकत घ्यावी लागत नाही.

बॅटरीची कणगी मात्र विकत घ्यावी लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची साधी ट्यूब्युलर बॅटरी आम्हाला १५ हजारांना सांगितली. तिच्यात मावते १.८ युनिट वीज. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. रोज वापरली आणि ५ वर्षं टिकली, तर सुमारे साडेसोळाशे युनिट मिळतील. भागाकार केला तर नुसत्या बॅटरीचेच युनिटमागे ९ रुपये! म्हणून नेट मीटर असेल, तर बिल वाचवायला बॅटरी घेऊ नका. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान मिळतं, पण ते सोलरसाठी. बॅटरीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

मग बॅटरी कुणी घ्यावी? लाइट गेली की जिचं काम अडतं, तिनं. आमच्या ताई संध्याकाळी ब्लाउज शिवतात. सणासुदीला दोन तास लाइट गेली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मशीनची मोटर, दोन बल्ब आणि पंखा मिळून २०० वॅटच्या आत बसतं. एवढ्यावर ती साधी बॅटरी साडेतीन-चार तास चालते. ती घरातल्या साध्या इन्व्हर्टरला जोडायची. लाइट असताना ती भरते, सोलरला हात लावावा लागत नाही. गटानं तेवढ्यापुरतंच कर्ज मंजूर केलं. सव्वा लाखाचं नाही.

ज्यांच्याकडे दिवसादिवसाला लाइट नसते, त्यांचा हिशेब वेगळा. तिथं पॅनेल भर उन्हात नुसतं पडून राहतं. तिथं बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर कामाचा, पण तो सोलर घेतानाच ठरवा. नंतर बदलायचा म्हणजे दुप्पट खर्च.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी पंधरा दिवस वहीत लिहा: लाइट कधी गेली, किती वेळ गेली, काय अडलं. मग दुकानात जा. पिठाची गिरणी, इस्त्री, पाण्याची मोटर छोट्या बॅटरीवर चालत नाही, हे ध्यानात ठेवा. साधी बॅटरी घेतलीत, तर ती हवेशीर जागी ठेवा, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पाण्याची पातळी बघत राहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.

आणि कर्जाच्या अर्जाला ती वही जोडायला सांगा. आमच्या गटानं आता तसा नियमच केलाय.