आदेशाचा कागद ठाण्यापर्यंत पोहोचावा म्हणून



तालुका न्यायालयात हयात गेलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला उभं केलंत, तेव्हा मी त्यातला एकच कागद निवडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम, २००५. त्याच्या कलम १८ खाली निघणारा संरक्षण आदेश.

तरुण वकील मला म्हणतात, या कायद्यात दम नाही. मला ते पटत नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आलं. त्यामुळे नवऱ्यावर आणि सासरच्यांवर खटला भरता येऊ लागला. पण आज रात्री तिने झोपायचं कुठे, उद्या तो दारात आला तर त्याला कोण अडवणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. मनाई हुकूम मागायचा तर बहुधा घटस्फोटाच्या दाव्याच्या आधाराने. नवरा नको असं म्हणायची तयारी नसलेल्या बाईने काय करायचं? २६ ऑक्टोबर २००६ ला हा कायदा लागू झाला आणि तिला उत्तर मिळालं. संसार मोडायचा की ठेवायचा, हे नंतर ठरव. आधी मार थांबू दे. आणि हे केवळ बायकोसाठी नाही. मुलाकडून छळ होणारी आई, भावाच्या घरात राहणारी बहीण, विधवा सून, सगळ्यांसाठी दार उघडलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरसोरा प्रकरणात गैरअर्जदार पुरुषच असला पाहिजे ही अट काढून टाकली.

पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत, निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत करण्याचा प्रयत्न, निकड असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी आदेश. आदेश निघाला की तो रद्द करा असं ती स्वतः सांगेपर्यंत लागू. मोडला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भंग झाला हे ठरवायला तिची एकटीची साक्ष न्यायालयाला पुरते. एवढं हत्यार संसदेने क्वचितच कुणाच्या हाती दिलं असेल.

मग ते बोथट कुठे होतं? माझं म्हणणं असं की ते अर्जाच्या शेवटच्या पानावर, विनंती कलमात बोथट होतं.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही. एका बाईला आदेश मिळाला होता: गैरअर्जदाराने अर्जदारावर कोणत्याही प्रकारे कौटुंबिक हिंसाचार करू नये. एवढंच वाक्य. ती माहेरी राहून शेजारच्या गावात कामाला जायची. नवरा रोज सकाळी एसटी स्टँडवर, तिच्या गाडीच्या वेळेला, समोर येऊन उभा राहायचा. हात लावत नसे, बोलत नसे. ती गाडीत बसली की मागच्या सीटवर बसायचा. ती ठाण्यात गेली. अंमलदाराने आदेश वाचला आणि विचारलं, मारलं का? शिवी दिली का? नाही. मग यात भंग कुठे? अदखलपात्र नोंद करून तिला परत पाठवलं. पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं.

अंमलदारावर मी सगळा ठपका ठेवत नाही. त्याच्या हातातला कागद मुका होता. कलम १८ मुकं नाही. कामाच्या ठिकाणी येऊ नको, तिच्या नेहमीच्या जागी फिरकू नको, प्रत्यक्ष, फोनवर, चिठ्ठीने, कोणत्याही मार्गाने संपर्क करू नको, जोडखातं आणि लॉकर परवानगीशिवाय वापरू नको, तिला मदत करणाऱ्या भावाला, शेजारणीला त्रास देऊ नको, हे सगळं त्यात आहे. वर शेवटी आदेशात लिहिलेली अन्य कोणतीही कृती, अशी मोकळी जागाही आहे. त्या जागेत एसटी स्टँड बसतो, पाणवठा बसतो, शाळेचं फाटक आणि शाळा सुटायची वेळ बसते. पण ते मागावं लागतं, आणि मागण्यासाठी त्या बाईचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत विचारून घ्यावा लागतो. कौटुंबिक घटना अहवाल भरताना याला अर्धा तास जास्त लागेल. लागू द्या.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. कौटुंबिक हिंसाचाराची, म्हणजे डीव्हीची केस ही पोटगीची केस, असं आपल्या बार रूममध्ये रूढ झालंय. अर्जात पोटगी असते, घर असतं, आणि संरक्षण एक तर नसतं किंवा सवयीने एका ओळीत असतं. कलम ३१ पुन्हा काढून वाचा. तिथे भंगासाठी नाव आहे ते संरक्षण आदेशाचं आणि अंतरिम संरक्षण आदेशाचं. तो मागितलाच नसेल, तर दार फोडून तो आत आला तरी ते कलम लावताना वकिलाची दमछाक होते.

घराबद्दल थोडक्यात. सासऱ्यांच्या नावावरचं घर म्हणजे तुझं नाही, हे बत्रा प्रकरणापासून चौदा वर्षं ऐकवलं गेलं. २०२० मध्ये आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ रद्द केला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती तिथे नांदत असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. तरीही जुनाच निवाडा जोडलेले जबाब आजही येतात. तुम्ही नवा जोडा.

आता पोहोचवण्याबद्दल. कलम २४ सांगतं की आदेशाची प्रत पक्षकारांना आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला मोफत द्यायची. प्रत्यक्षात ती नस्तीत राहते, आणि बाईच्या पिशवीत घड्या पडलेली झेरॉक्स. रात्री अकराला ड्यूटीवरच्या माणसाला असा आदेश आहे हेच माहीत नसतं. नोटिशीची बजावणी दोन दिवसांत संरक्षण अधिकाऱ्याने करायची, पण त्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार असतो, गाडी नसते, कधी शिपाईही नसतो. कायद्याने कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला शिक्षा ठेवली आहे. त्याला साधनं देण्याची जबाबदारी शासनाची आहे, ती पार पाडली नाही तरी शिक्षा नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. एकोणीस वर्षांनी!

समुपदेशक मैत्रिणींना एक विनंती. न्यायालय समुपदेशनाला पाठवू शकतं, पण तारखेमागून तारीख समजुतीवर जाऊ लागली तर अंतरिम आदेश आधी मागा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मदतही मागितलेली नव्हती. जी आपल्या टेबलापर्यंत आली, ती खूप काही ओलांडून आलेली असते. तिला आधी थोडं सांभाळून घे असं सांगू नका.

उद्या दुपारच्या सत्रात आपण विनंती कलमाचा एक मराठी नमुना मसुदा करणार आहोत. तालुका न्यायालयाची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तेव्हा अंमलदाराला आणि त्या बाईला एका वाचनात कळेल असा आदेश मागणं अवघड नाही. मसुद्यात तीन रकाने रिकामे ठेवा: जागा, वेळ, संपर्काची साधनं. चौथा रकाना ठाण्याच्या पोचपावतीचा, बक्कल नंबर आणि तारखेसह. संरक्षण अधिकाऱ्यांनी पोचपावतीशिवाय प्रकरण बजावणी झालेलं दाखवू नये, असा ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्यावर कडाडून चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, आणि परवा सकाळी आपापल्या न्यायालयात तो पहिल्या अर्जाला लावा.