रस्त्यावरची झाडे आणि महापालिकेचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



भाकरीचा, घराचा आणि रोजगाराचा प्रश्न सुटलेला नसताना झाडांची चर्चा कशाला, असा आक्षेप चळवळीतल्याच काही मंडळींकडून घेतला जातो. झाड ही सुखवस्तू माणसाची हौस आहे, असा समज त्यामागे आहे. वैशाखातल्या भर दुपारी रस्त्याकडे पाहिले तरी तो टिकत नाही. मोटारीतून जाणाऱ्याला सावलीची फारशी गरज नसते. टोपली घेऊन बसलेली भाजीवाली, चपला शिवणारा कारागीर, हातगाडी ओढणारा हमाल यांना ती लागते. रस्त्यावरची सावली ही श्रमिकाला विनामूल्य मिळणारी सार्वजनिक सेवा आहे. म्हणूनच तिचे वाटप हा अर्थकारणाचा प्रश्न ठरतो.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत होती. रस्त्याच्या कडेची झाडे १ लाख ८५ हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात जेमतेम सहा. कुंपणाआडची सावली बाहेरच्या माणसाच्या वाट्याला क्वचितच येते.

कायद्याचा अभाव आहे असेही नव्हे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ साली वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला. त्याने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले. झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालविणे, कोणत्या भागात किती व कोणती झाडे असावीत याचे प्रमाण ठरविणे ही कामे त्याच्याकडे सोपविली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. कागदावर हा व्यवहार फायद्याचा दिसतो: एक गेले, साठ आली. परंतु ती साठ रोपे दुसरीकडे कोठे तरी लागतात आणि सावली धरायला त्यांना वर्षे जातात. जुन्या झाडाखाली बसून पोट भरणाऱ्या माणसाची भरपाई या गणितात बसत नाही.

खरी मेख देखभालीत आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले की दोन्ही बंद होतात. पुढे केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटतात, छाटणीत फांद्या एकाच बाजूला राखल्या जातात, आणि पहिल्या वादळात झाड कोसळले की दोष वाऱ्याला दिला जातो. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिला. आळे मोकळे ठेवायला मोठा खर्च येत नाही. कोणीतरी त्यासाठी जबाबदार असावे लागते.

ती जबाबदारीच विखुरली आहे. रस्ता एका खात्याचा, झाड दुसऱ्याचे, केबल तिसऱ्या कंपनीची. वृक्षारोपणाला समारंभ असतो, पाणी घालण्याला नसतो. रोप जगविणारे हात कंत्राटी असले, तर कंत्राटाची मुदत संपताच त्या रोपाची ओळख ठेवणाराही उरत नाही. त्यात मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. लोकप्रतिनिधीच नसल्यावर झाडाबद्दल जाब विचारायचा कोणाला?

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागात तीन मागण्या धराव्यात. किती रोपे लावली यापेक्षा तीन वर्षांनी किती जगली, याचा आकडा महापालिकेने प्रभागवार जाहीर करावा. रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या निविदेत मोकळ्या आळ्याची अट असावी आणि ती मोडल्यास कंत्राटदाराचे देयक अडवावे. उद्यान खात्यातील माळी कायम नोकरीत असावेत. नवी झाडे प्रथम जेथे सावली नाही अशा कामगार वस्त्यांत, बाजारांत व बसथांब्यांजवळ लागावीत. करंज, कडुनिंब, ताम्हण यांसारख्या येथल्या हवेत रुळलेल्या जाती निवडाव्यात.

या मागण्या लहान वाटतील. पण रस्ता हीच ज्याची कामाची जागा आहे, त्याच्या दृष्टीने डोक्यावरचे झाड हे कारखान्यातल्या छपराइतकेच हक्काचे आहे. ते छप्पर कोणी काढून नेत असेल, तर चळवळीने गप्प बसता कामा नये.