तक्रार बंद कोणी करायची?

अध्यक्षीय भाषणात ई-शासनाच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. १९७६ साली एनआयसी (नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर) स्थापन झाली, २००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजना आली, आज फेरफारापासून पगारबिलापर्यंत सगळं ऑनलाइन आहे. आढावा इथेच आटोपतो, कारण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात साचली आहे.

आपल्या हेल्पडेस्कवर तक्रार बंद करायचं बटण तक्रार सोडवणाऱ्याच्या हातात असतं. ते तक्रारदाराच्या हाती द्या. तोवर ऑटोमेशनवर एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळच्या सत्रात चॅटबॉट हवा की फोनवर माणूस हवा, यावर बराच खल झाला. त्यावर मी एका तलाठी ताईंची हकिगत सांगतो. मे महिना, म्हणजे बदल्यांचा हंगाम. ताई नव्या सजावर रुजू झाल्या. पासवर्ड आपला आपण बदलायची सोय होती, पण ओटीपी जायचा आधीच्या तलाठ्यांच्या मोबाइलवर. त्यांनी तक्रार नोंदवली. उत्तरादाखल पासवर्ड बदलण्याच्या माहितीची पीडीएफ आली आणि तक्रार बंद. पुन्हा नोंदवली; नवा क्रमांक, तीच पीडीएफ, पुन्हा बंद. डॅशबोर्डवर दोन्ही तक्रारी मुदतीत निकाली, आणि सजावर वारसनोंदींचे अर्ज पडून. शेवटी फोन माझ्याकडे आला. ताई म्हणाल्या, "सर, पासवर्ड बदलता येतो मला. नंबर कोण बदलणार, तेवढं सांगा."

रुजू अहवाल मागवला, नंबर बदलला, काम झालं.

बदलीचा आदेश आस्थापना शाखेत, लॉगिन आपल्याकडे, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. रुजू अहवाल स्वीकारला की जुन्या माणसाचं लॉगिन बंद आणि नव्याचं सुरू, हे आपोआप व्हायला हवं. ही गरज कोणाच्या लक्षातच आली नाही, कारण तक्रारी बंद दिसत होत्या. बटण ताईंकडे असतं तर ती तक्रार जूनमध्येही उघडी राहिली असती आणि कोणीतरी वरिष्ठाने कारण विचारलं असतं. बॉट की माणूस, हा प्रश्न त्यानंतरचा.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाला सेवा नाकारायची तर लेखी कारण द्यावं लागतं. त्याला अपील करता येतं, आयोगापर्यंत जाता येतं. ती सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याचं लॉगिन अडलं तर त्याला दाद मागायला जागाच नाही! हे मला मान्य नाही.

लोक तक्रारी बंदच करणार नाहीत, असं काही मित्र म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. काम झालेला माणूस तक्रार विसरून जातो. त्याला एसएमएस पाठवा, ठरावीक दिवसांत उत्तर नाही आलं तर खुशाल बंद करा. पण 'काम झालं नाही' असं उत्तर आलं, तर तोच क्रमांक पुन्हा उघडला पाहिजे आणि वरच्या अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे.

यासाठी एक अभ्यासगट नेमावा, निविदांच्या अटींत ही तरतूद यावी, आस्थापना शाखांशी बोलणी सुरू व्हावीत. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. ठराव मात्र आज, याच सभागृहात व्हावा अशी माझी मागणी आहे, आणि तो मी स्वतः मांडणार आहे.