वाचवणाऱ्याचा अधिकार



सिद्धार्थ आणि देवदत्त यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थापुढे येऊन पडतो. सिद्धार्थ बाण काढतो, जखम धुतो, हंसाला उराशी धरतो. देवदत्त हक्क सांगत येतो. वाद राजसभेत जातो आणि मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा अधिकार मोठा, असा निवाडा होतो. बहुतेक घरांत कथा येथेच संपते. बरा झालेला हंस सिद्धार्थाने पुन्हा त्याच्या थव्यात जाऊ दिला, हा भाग क्वचितच सांगितला जातो. मिळालेला अधिकार त्याने हंसाला जवळ ठेवण्यासाठी वापरला नाही. आजचा विषय कथेच्या या विसरलेल्या उत्तरार्धाचा आहे.

मे महिन्याच्या अखेरीस वळीव झोडपून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानावर, मंदिराच्या पारावर एखादे पिल्लू सापडते. मुले ते ओंजळीत घेऊन घरी येतात. घरात धांदल उडते. कोणी दूध-पाव कालवते, कोणी चमच्याने चोचीत पाणी सोडते. हेतू निर्मळ असतो. परंतु दोन दिवसांत पिल्लू मरते. मुलांचे डोळे भरून येतात आणि 'त्याचे नशीब' म्हणून मोठी माणसे त्यांची समजूत घालतात. येथे नशिबाला दोष देणे सोयीचे आहे, खरे नाही. कित्येकदा ते पिल्लू आपल्या अज्ञानाने मरते.

आधी पाहावे, मग उचलावे

जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिल्लू संकटात नसते. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा या पक्ष्यांची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात. अंगावर पिसे आलेली, आखूड शेपटीची, टुणटुण उड्या मारणारी ही पिल्ले काही दिवस झुडपांत आणि जमिनीवर काढतात. त्यांचे आईबाप जवळपासच असतात आणि त्यांना तेथेच भरवतात. अन्न कोठे शोधावे, मांजराची चाहूल लागताच काय करावे, हे शिक्षण याच दिवसांत होते. असे पिल्लू उचलून घरी आणणे म्हणजे भर शाळेतून मूल पळवून नेणे होय. ते रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात ठेवावे, कुत्र्या-मांजरांना आवरावे आणि दूर उभे राहून तास-दोन तास पाहावे. बहुधा आई चोचीत किडा घेऊन येते.

पिल्लू उघडेवाघडे, डोळे मिटलेले असेल तर ते खरोखरच घरट्यातून पडले आहे. घरटे दिसत असेल तर त्याला तेथेच परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज चुकीचा आहे. इतक्या सहजासहजी पक्षी आपले पिल्लू सोडत नाहीत. घरटे मोडले असेल तर लहानशा टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच झाडाला बांधावी. आईबाप पुष्कळदा तेथे येऊन भरवू लागतात.

मात्र पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, अंग गार पडले असेल, तर मदत तातडीने हवी. मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पिल्लाची जखम दिसायला टाचणीएवढी असते; पण मांजराच्या लाळेतील जंतू रक्तात भिनतात आणि वेळेवर औषध न मिळाल्यास पिल्लू एक-दोन दिवसांत दगावते. अशा वेळी पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला भोके पाडावीत, आत मऊ सुती कापड पसरावे आणि खोके बंद करून शांत जागी ठेवावे. पिल्लू गारठले असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. त्यामुळे बळेच पाजलेले पाणी फुप्फुसांत उतरते. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. उपचार जाणणाऱ्याचा सल्ला मिळेपर्यंत ऊब, अंधार आणि शांतता हीच खरी शुश्रूषा. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा जीव ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

गव्हाणी घुबडाच्या पिल्लाची कथा आणखी करुण आहे. जुने वाडे, मंदिरांची शिखरे, गोदामांचे कोनाडे ही त्याची घरे. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते, म्हणून एकाच घरट्यात लहान-मोठ्या वयाची पिल्ले असतात आणि धाकट्याच्या वाट्याला उपासमार येते. खाली पडलेले, फूत्कार टाकणारे ते पांढुरके पिल्लू पाहून लोक दगड उचलतात. एका बाजूला घुबडाला लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला ते अंगणात आले की अशुभ मानायचे! शेताची आणि कोठाराची नासधूस करणारे उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे धान्य राखते. लक्ष्मीचे वाहन याहून वेगळे काय करणार?

मायेचे बंधन

जीव वाचला की दुसरी परीक्षा सुरू होते. डोळे उघडल्यावर जो दिसतो, जो भरवतो, त्यालाच आपला मानण्याची वृत्ती काही पक्ष्यांच्या पिल्लांत जन्मजात असते. हंसक कुळातील पिल्लांवर या वृत्तीचा अभ्यास करणारे कोनराड लॉरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लळा लागलेले पिल्लू खांद्यावर बसते, हाक मारताच येते, घरादाराला आनंद होतो. परंतु तोच पक्षी पुढे माणसाला भीत नाही, स्वजातीला ओळखत नाही आणि पहिल्याच संकटाला बळी पडतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया कोंडोर या गिधाडाचे उदाहरण बोलके आहे. १९८७ साली त्या जातीचे अवघे २७ पक्षी उरले होते आणि सर्व बंदिवासात होते. पिल्लांना माणूस दिसू नये म्हणून सेवक हातावर कोंडोरच्या डोक्याची बाहुली चढवून भरवीत. १९९२ पासून पक्षी सोडले जाऊ लागले. तेव्हा काही विजेच्या खांबांवर बसून मेले. मग खांब टाळण्याचे शिक्षण पिंजऱ्यातच देण्यात आले. इतके कष्ट केवळ एका हेतूने झाले: पक्षी परत जावा आणि जगावा. आपल्याकडे हरियाणातील पिंजोर येथील गिधाड केंद्राला जटायूचे नाव आहे. तेथील गिधाडे २०२४ साली पेंच व ताडोबाच्या जंगलांत आणली गेली, तेव्हा त्यांनाही आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून परिसराची ओळख करून देण्यात आली.

सोडण्याचेही शास्त्र आहे. पक्षी सलग उडतो का, स्वतःचे अन्न स्वतः मिळवतो का, माणसापासून दूर पळतो का, हे आधी पाहावे लागते. मोडलेली पिसे पुढच्या पीसगळीनंतरच नवी येतात, तोवर धीर धरावा लागतो. पक्षी जेथे सापडला त्याच परिसरात, उघाडीच्या दिवशी, दिनचर पक्षी सकाळी आणि घुबड तिन्हीसांजेला सोडावे. काहींसाठी पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून बाहेर काही दिवस अन्न ठेवावे लागते.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या कित्येक सुसंस्कृत घरांच्या गॅलरीत आजही पिंजऱ्यात पोपट दिसतो. तो झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना ओढून काढलेला असतो आणि त्याला पाळणे हा गुन्हा आहे. बाजारातून पक्षी विकत घेऊन सणाला सोडणे हेही पुण्य नव्हे. त्या पैशावर पारधी पुन्हा जाळे लावतो. आणि वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकाएकी उडवून देणे ही तर क्रूरताच. त्याला वनविभागाच्या स्वाधीन करावे.

करण्याजोगे पुष्कळ आहे. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी बगळे, वंचक यांच्या विणीच्या सुमारास होते. कुऱ्हाड चालवण्यापूर्वी झाडावर घरटी आहेत का, हे पाहण्याचा आग्रह प्रत्येक सोसायटीने धरावा. शाळेच्या, सोसायटीच्या फलकावर १९२६ हा क्रमांक आणि जवळच्या पक्षिवैद्याचा पत्ता लिहून ठेवावा. एखादा मोकळा खोका घरात असू द्यावा.

आणि मुलांना सिद्धार्थाची कथा जरूर सांगावी. मात्र ती निवाड्यापाशी थांबवू नये. हंस उडून जातो, तेथपर्यंत सांगावी.